जागतिक बिजागरी दिन

सातवीच्या सरांनी बुधवारी चौथ्या तासाला फळ्यावर एक धडधडीत खोटं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. 'जागतिक बिजागरी दिन.' मग हातावरचा खडू झटकत ते वर्गाकडे वळले. "या दिवसाची माहिती शोधून आणायची. कधी असतो, कोणी सुरू केला, का साजरा करतात. उद्या याच तासाला." बेचाळीस मुलांनी माना खाली घालून ते वहीत उतरवून घेतलं. दाराच्या बिजागरीला दिवस कशाला हवा, असं कोणाच्याही चेहऱ्यावर उमटलं नाही.

सरांचा बेत साधा होता. मुलांना चिकित्सक विचार आणि संशोधन कसं शिकवावं, याचं तीन दिवसांचं प्रशिक्षण ते नुकतंच घेऊन आले होते. तिथे त्यांना एक प्रमाणपत्र, एक पाण्याची बाटली आणि शंका विचारणाऱ्याला गप्प बसवणारे दोन तज्ज्ञ मिळाले होते. तरीही विषय मात्र सरांच्या मनाला लागला. बावीस वर्षं ते मुलांना उत्तरं सांगत आले होते आणि मुलं ती जशीच्या तशी परत करत आली होती. निवृत्तीआधी एका तरी मुलाने आपल्याला 'सर, हे कशावरून?' असं विचारावं, एवढी एकच इच्छा आता उरली होती. मुलं शोधतील, त्यांना काही सापडणार नाही, ती वैतागून परत येतील आणि म्हणतील, 'सर, असा दिवसच नाही!' त्यानंतर जे भाषण करायचं ते सरांनी आरशासमोर दोनदा आणि बायकोसमोर एकदा करून पाहिलं होतं.

"आणि कोणालाच नाही कळलं तर?" बायकोने कपड्यांच्या घड्या घालता घालता विचारलं.

"बेचाळीस मुलं आहेत. कोणाला तरी कळेलच ना!"

"तुम्हीच शिकवता ना त्यांना? मग अवघड आहे," बायको म्हणाली आणि पुढची चादर उचलली.

गुरुवारी चौथ्या तासाला सरांच्या टेबलावर एक्केचाळीस तक्ते आणि एक साधा कागद जमा झाला. तक्त्यांना सोनेरी कागदाच्या किनारी होत्या. एका तक्त्यानुसार हा दिवस कुलूप बनवणाऱ्यांच्या संघाने सुरू केला होता, दुसऱ्यानुसार अंगावर दार पडलेल्या एका राणीने. आठ तक्ते अगदी एकसारखे होते, कारण कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात ते बुधवारी संध्याकाळपासूनच तयार मिळत होते. एका तक्त्यावर कोणाच्या तरी आईच्या वळणदार अक्षरात 'बिजागरी नसती तर' हा निबंध होता. सर एकेक तक्ता उलटत गेले आणि त्यांचं तोंड उतरत गेलं.

"तुला ही माहिती मिळाली कुठे?" त्यांनी मॉनिटरला विचारलं.

"मोबाइलला विचारलं, सर. त्याने लगेच सांगितलं. 'खूप छान प्रश्न आहे' असंपण म्हणाला."

"आणि तारीख? तू बारा लिहिलीस, हा शेजारचा सव्वीस म्हणतो."

"बहुतेकांची बारा आहे, सर. त्याचं चुकलं असेल."

शेजारच्याने निमूटपणे पेन काढलं आणि सव्वीसचे बारा केले.

उरलेला साधा कागद एका मुलीचा होता. वर्ग तिला 'शंका' म्हणायचा, आणि ते काही कौतुकाने नव्हे. कागदावर लिहिलं होतं: 'असा दिवस सापडला नाही. शोधलेली ठिकाणे: शाळेचं वाचनालय (कपाटाला कुलूप होतं, किल्ली कोणाकडे आहे ते कोणालाच माहीत नाही), शब्दकोश, घरचं कॅलेंडर, माझे बाबा. बाबा सुतार आहेत. ते वीस वर्षं बिजागऱ्या बसवतात, पण त्यांना कोणी कळवलेलं नाही. मोबाइलला तीनदा विचारलं. त्याने तीन तारखा सांगितल्या, म्हणून त्याचं धरलं नाही. सर, तुम्हाला हा दिवस कोणी सांगितला?'

सरांनी कागद दोनदा वाचला. त्यांना भरून आलं. बावीस वर्षांची वाट पाहणं फळाला आलं होतं. त्यांनी मुलीला टेबलापाशी बोलावलं आणि हळू आवाजात म्हणाले, "तुझं एकटीचं बरोबर आहे. आता मी सगळ्यांना सांगणार आहे."

"नक्की ना, सर? कारण मला सगळे हसतायत."

"अगदी नक्की," सर म्हणाले आणि भाषणाला उभे राहिले. तेवढ्यात मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात आल्या. त्यांच्या हातात परिपत्रक होतं. शाळाशाळांतून 'चिकित्सक विचार सप्ताह' साजरा करायचा होता आणि त्याचे फोटो शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचे होते. फोटो कशाचे काढायचे या विवंचनेत सकाळपासून त्यांना चहा गोड लागला नव्हता.

"अगं बाई! एवढे तक्ते!" त्या हरखल्या. "सर, तुम्ही तर लाज राखलीत शाळेची." मग त्यांना साधा कागद दिसला. "हे काय? चित्र नाही, किनार नाही, वर म्हणे सापडला नाही! नुसता आळस." त्यांनी तिथल्या तिथे लाल पेनने 'अपूर्ण' असा शेरा मारला. "सोमवारी नवीन तक्ता हवा. पालकांच्या सहीसकट." आणि मुलांच्या हातांत तक्ते देऊन त्या सगळ्या वर्गाला फोटोसाठी व्हरांड्यात घेऊन गेल्या.

फोटो झाल्यावर सर त्यांच्यामागून ऑफिसात पोचले. "बाई, ऐका जरा. असा दिवसच नाहीये."

"एक्केचाळीस जणांनी लिहिलंय, सर. तुम्ही एकटेच नाही म्हणताय. कशावरून?"

बावीस वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो असा चुकीच्या तोंडून आला. "कारण तो मी बनवलाय," सर म्हणाले.

मोठ्या बाई खळखळून हसल्या. "सर, तुमच्याच्याने महिन्याचा हजेरीपट वेळेवर पुरा होत नाही. आणि तुम्ही जागतिक दिन बनवणार?"

फोटो गेले. सोमवारी वरच्या कार्यालयातून नवं परिपत्रक आलं. साहेबांना कल्पना फारच आवडली होती. येत्या बारा तारखेला सर्व शाळांनी जागतिक बिजागरी दिन साजरा करावा, मुलांकडून बिजागरीची प्रतिज्ञा म्हणून घ्यावी आणि अहवाल तीन प्रतींत सादर करावा. मुख्य कार्यक्रम अर्थातच सरांच्या शाळेत होणार होता आणि साहेब जातीने येणार होते. सरांची पाचावर धारण बसली. त्यांनी कार्यालयात फोन लावला.

"दिवस नाही म्हणता? मग तसं पत्र आणा," तिकडचा कारकून शांतपणे म्हणाला.

"कोणाकडून आणू?"

"हा दिवस जी संस्था ठरवते तिच्याकडून."

"अहो, अशी संस्थाच नाही!"

"मग पत्राशिवाय आम्ही रद्द कसा करणार, सर? तुम्हीच विचार करा." त्याने फोन ठेवला.

दोन दिवसांनी मधल्या सुट्टीत शंका टेबलापाशी येऊन उभी राहिली. "सर, तुम्ही सांगणार होतात."

"बारा तारखेला सांगतो. साहेबांसमोर, सगळ्या शाळेसमोर. शब्द देतो."

"मग तोवर तक्ता करू का? मोठ्या बाई रोज विचारतात."

"करू नकोस. अजिबात करू नकोस," सर म्हणाले. सल्ला द्यायला काय जातं! तक्ता येईपर्यंत मोठ्या बाईंनी तिचा खेळाचा तास बंद केला होता. रोज त्या तासाला सगळा वर्ग मैदानावर जाई आणि ती एकटी रिकाम्या बाकांत बसून राही. खिडकीतून ते पाहताना सरांना आपली स्वतःचीच लाज वाटे. पण बारा तारखेला सगळं निस्तरेल, असं ते स्वतःला समजावत.

बारा तारखेला शाळा सजली. उद्घाटन म्हणून साहेबांनी फाटकाच्या बिजागरीत तेल घालायचं ठरलं होतं. ते फाटक कित्येक वर्षं निव्वळ गंजाच्या आधाराने उभं होतं, ही गोष्ट फक्त शिपाईमामांना ठाऊक होती आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं. साहेबांनी कॅमेऱ्याकडे पाहत मनसोक्त तेल ओतलं, टाळ्या झाल्या, आणि कार्यक्रमाला आत जाण्यासाठी त्यांनी फाटक ढकललं. फाटक कुरकुर न करता आडवं झालं. साहेब जेमतेम बाजूला उडी मारू शकले. सरांना वाटलं, सुटलो, आता कार्यक्रम रद्द.

साहेबांनी माइकवर जाऊन कपाळ पुसलं. "बिजागरीकडे आपण किती दुर्लक्ष करतो, हे आत्ता तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत," ते म्हणाले. "या दिवसाची गरज मी आणखी काय सांगू?" टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि ज्यांच्या कल्पकतेतून हे सारं घडलं, त्या सातवीच्या सरांना चिकित्सक विचाराचं खास प्रमाणपत्र देण्यासाठी मंचावर बोलावण्यात आलं.

सर मंचावर गेले. प्रमाणपत्र हातात घेतलं न घेतलं तोच त्यांनी माइक ओढला. तिसऱ्या रांगेत बसलेली शंका त्यांना दिसत होती. "हा दिवस खोटा आहे," ते म्हणाले. "असा दिवस जगात कुठेही नाही. मी तो फळ्यावर लिहिला, तुम्ही शंका घ्यावी म्हणून. एकाच मुलीने शंका घेतली आणि आपण तिलाच शिक्षा केली. चूक माझी आहे."

मोठ्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग साहेबांचं हसू माइकमधून गडगडलं. "वा, सर, वा! बघा, बघा, शंका घ्यायला कसं शिकवतात! याला म्हणतात चिकित्सक विचार." त्यांनी मुलांकडे हात केला. "सर म्हणतात दिवस खोटा. मुलांनो, तुम्ही काय म्हणता?"

"खराऽऽ!" सातशे मुलं ओरडली.

"ऐकू नाही आलं!"

"खराऽऽऽ!"

शंकाने तोंड उघडलं नाही. ती सरांकडे पाहत होती, आणि त्या गलक्यात सरांनी माइकवर आणखी दोनदा 'अहो, ऐका' म्हटलं. मग प्रमाणपत्र धरलेल्या सरांचा साहेबांबरोबर फोटो निघाला.

सत्र परीक्षेचा पेपर वरच्या कार्यालयातून छापून आला. सातवा प्रश्न होता, 'जागतिक बिजागरी दिन कधी असतो व तो कोणी सुरू केला?' दोन गुण. सोबत आलेल्या नमुना उत्तरात बारा तारीख आणि मुलांकडून पाठ करून घेतलेल्या प्रतिज्ञेतल्या कुठल्याशा कारागीर महासंघाचं नाव होतं, आणि खाली ठळक अक्षरांत सूचना होती की याखेरीज अन्य उत्तर ग्राह्य धरू नये.

शिक्षकांच्या खोलीत दुपारी पेपर तपासायला बसलेल्या सरांनी गठ्ठ्यातून शंकाचा पेपर शोधून सर्वांत आधी काढला. त्यांचा निश्चय झाला होता. तिने 'असा दिवस नाही' असं लिहिलेलं असणार, आणि ते तिला दोनपैकी दोन गुण देणार होते. कार्यालयाने खुलासा मागितला तर मागू दे. नोकरीवर आलं तर येऊ दे. मंचावर जमलं नाही ते निदान एवढ्याशा जागेत तरी करून दाखवायचं होतं. त्यांनी पान उलटलं.

सातव्या प्रश्नाखाली सुवाच्य अक्षरात बारा तारीख होती आणि कारागीर महासंघ होता. नमुना उत्तरापेक्षा एक अक्षर इकडे की तिकडे नव्हतं. मग त्यांना त्याखाली पेन्सिलीने, अगदी फिकट लिहिलेल्या ओळी दिसल्या.

'सर, मी खरं लिहिणार होते. पण मग तुम्ही मला मार्क दिले असते आणि ऑफिसमधून तुम्हाला विचारलं असतं. आई म्हणाली, सर भले आहेत, त्यांना कशाला अडचणीत आणायचं. म्हणून हे लिहिलं. वाचून झालं की खोडून टाका.'

सरांनी आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावरून त्यांनी खोडरबर मागून घेतलं आणि एकेक ओळ नीट, मागे काही दिसणार नाही अशी खोडली. मग लाल पेन उचललं आणि दोनपैकी दोन गुण दिले.