वायरमनदादांचा हातमोजा

उमेळे गावातले आमचे घरमालक वायरमनदादा लग्नाच्या पंगतीतसुद्धा डाव्या हातात रबरी हातमोजा घालून बसत. लाल, कोपरापर्यंतचा, विजेच्या खांबावर चढताना घालतात तसला. वाढपी हसायचे, "दादा, जिलबीत करंट नाही!"

दादा गंभीरपणे विचारायचे, "तू तपासलंस?"

खिशात टेस्टर, पिशवीत काट्याचं मीटर. दाराची कडी, फ्रिज, देवळातली घंटा, सगळ्याला आधी टेस्टर लागायचा. "सप्लाय आहे का बघावं, मग हात लावावा," हे दिवसातून दहा वेळा. मी हसू दाबायची. सातवीत शाळा सुटलेली, परभणीकडची बाई मी. इथे ओळखीचं कुत्रंही नव्हतं, तेव्हा या माणसाने काही न विचारता खोली दिली. शिवाय हसले आणि खोली गेली तर?

मोज्याचं कारण वर्षभराने कळलं. नोकरीत असताना झटका बसून ते खांबावरून पडले होते. हात वरून धडधाकट, पण आतली नस कायमची पेटलेली. पंख्याचा वारा लागला तरी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. बायको वारल्यावर त्यांच्या जवळ जाणंच लोकांनी सोडलं. सूनबाई बोरिवलीहून यायची ती उंबऱ्यावरूनच पाया पडायची. "उगाच धक्का लागायला नको, बाबा." दुखत होता एक हात, लोकांनी अख्खा माणूस टाकला.

गोळ्या थकल्या. मग मुंबईच्या एका दवाखान्यात नवा प्रयोग निघाला. सोबत कुणीतरी हवं होतं. मुलाला रजा नाही, म्हणून मी गेले. डॉक्टर म्हणाले, "डोक्यावर ओले स्पंज ठेवून बारीक करंट देऊ. मेंदूला दुखण्याची सवय लागलीय, ती मोडायची. पण काहींनाच खरा करंट, बाकीच्यांना नुसता देखावा. कुणाला काय, ते शेवटपर्यंत सांगणार नाही."

"जन्मभर लोकांना करंटपासून वाचवलं," दादा म्हणाले, "आता माझ्याच टाळक्यावर कनेक्शन?" तरी सही केली. एक सलग झोप मिळाली तरी पुष्कळ, म्हणाले.

वीस दिवस जायचं होतं. तिथली नर्स रोज टेपने त्यांचं डोकं मापायची, बोटांनी केस बाजूला करायची, स्पंज ठेवून पट्टा बांधायची.

आठव्या दिवशी मशीन चालू करून ती पाणी आणायला गेली आणि दादांनी मीटर काढलं. दोन सुया दोन स्पंजांत खुपसल्या. काटा हलला नाही.

"मेलेली लाइन आहे," ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "मग सांगा ना डॉक्टरांना! साड्यांना फॉल लावायचं काम टाकून येते मी रोज!"

"ओरडू नकोस. पोरगी येतेय."

नर्सने विचारलं, "आजोबा, दुखणं दहापैकी किती?"

सकाळीच मला नऊ म्हणालेला माणूस हसून म्हणाला, "सहा."

मग पाच झालं. मग चार. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी खूश होऊन कागदावर लिहून घेतलं. बाहेर आल्यावर मला राहवेना. "का खोटं बोललात, दादा?"

"फरक नाही म्हटलं तर बंद करतील, वाटलं." ते जिन्याच्या कठड्याला टेस्टर लावत राहिले. "ती पोरगी डोकं मापायची ना... दोन्ही हातांनी."

"आणि हात?"

"तो जळतोच आहे."

इतकी वर्षं त्यांच्या घरात राहिले, पण चहाचा कपसुद्धा मी ओट्यावर ठेवून मागे सरायची. सूनबाईला नावं ठेवायला मी कोण?

त्या वर्षी भाऊबीजेला माझा भाऊ परभणीहून आला नाही. मी पाट मांडला, रांगोळी काढली आणि दादांना बोलावलं. ते बसले, मोजा घालूनच. त्यांच्या डोक्याला लावायला मी तळहातावर तेल घेतलं. दुखऱ्या हाताला धक्का लागला तर, ही भीती होतीच.

दादांनी डोकं मागे घेतलं. उजव्या हाताने टेस्टर काढला आणि माझ्या मनगटाला लावला. त्यातला दिवा लागला नाही. मी पाहिलं, त्यांनीही पाहिलं.

"सप्लाय आहे," दादा म्हणाले आणि डोकं माझ्या तळहातापुढे वाकवलं.