कॅसांड्राचा सत्कार

जी संस्था इशारा देणाऱ्याला हाकलून देते ती मागासलेली, आणि जी त्याला टाळ्या वाजवून खुर्चीवर बसवते ती प्रगत, याबद्दल विचारवंतांत आता दुमत उरलेले नाही. या कसोटीवर आमच्या कथेतील नाट्यगृह इतके प्रगत होते, की तेथे इशारा दिल्यावाचून कोणतीही गोष्ट कोसळत नसे.

या नाट्यगृहाच्या सुरक्षा अधिकारी बाईंना सगळे जण ताई म्हणत. त्या स्थापत्यशास्त्राच्या पदवीधर होत्या, स्वभावाने सरळ होत्या, आणि वडिलांमुळे त्यांना ग्रीक पुराणे तोंडपाठ होती. वडील प्राचीन इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या घरी जेवताना मीठ मागितले, तरी ते ट्रॉयमार्गे यायचे. त्यामुळे कॅसांड्राची कथा ताईंनी कितीदा ऐकली होती, याची गणती नव्हती : अपोलो देवाने ट्रॉयच्या राजकन्येला भविष्य जाणण्याचे वरदान दिले आणि तिने त्याच्या प्रेमाला नकार देताच शाप दिला, की तू खरेच बोलशील, पण कोणीही विश्वास ठेवणार नाही. शत्रूने वेशीबाहेर सोडलेला लाकडी घोडा पाहून ती "घोडा आत घेऊ नका" म्हणाली. लोकांनी तिला वेडी ठरवले, घोडा आत ओढला, त्याच्या पोटातून शत्रूचे सैनिक निघाले, आणि नगर गेले.

पुराणातील ही व्यवस्था किती अविकसित होती, हे नाट्यगृहाचा कारभार पाहिल्यावर लक्षात येई. येथे संचालकांच्या टेबलावर पूर्वी "अमान्य" असा एक शिक्का असे. सुधारणांच्या लाटेत तो जाऊन त्या जागी हिरव्या शाईचा "पटले" हा शिक्का आला. ताईंनी दिलेल्या प्रत्येक इशाऱ्यावर तो उमटत असे. शिक्का उमटला, की बैठकीतील सर्वांनी उभे राहून क्षणभर टाळ्या वाजवायच्या आणि मग चहा घ्यायचा, असा प्रघात होता. (चहा वेळेवर येई. त्याबाबत कोणाला इशारा द्यावा लागत नसे.)

ताईंचा सर्वांत गाजलेला इशारा बाल्कनीविषयी होता. बाल्कनीखालच्या तुळईला तडा गेला होता. तडा वाढतो आहे की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी त्यावर काचेची एक पट्टी आडवी चिकटवली. तडा रुंदावला तर काच तुटते. काच तुटली. त्यांनी दुसरी लावली, तीही तुटली. संचालकांना हा प्रयोग इतका पटला, की तुटलेल्या पट्ट्या त्यांनी मखमलीवर मांडून प्रवेशदालनात ठेवल्या. शाळांच्या सहली त्या पाहायला येऊ लागल्या.

"सर, बाल्कनी गच्च भरली तर पडेल," ताई म्हणाल्या.

"पडणारच!" संचालक म्हणाले. "मॅडम, तुमच्या शब्दाबद्दल शंका घेणारा या इमारतीत एक माणूस दाखवा."

"मग बंद करा ना."

"तेवढं मात्र अवघड आहे. बाल्कनी उघडण्यासाठी आपल्याकडे कर्मचारी आहे. बंद करण्यासाठी कोणाची नेमणूकच झालेली नाही."

सुदैवाने एरवीची नाटके अशी होती, की बाल्कनी भरण्याची भीती नव्हती. पण वर्धापनदिन आला, आणि संस्थेने पहिला "दूरदृष्टी पुरस्कार" जाहीर केला. तो अर्थातच बाल्कनीच्या इशाऱ्याबद्दल ताईंना मिळाला. समारंभाला मागणी एवढी आली, की बाल्कनीची सगळी तिकिटे संपली.

"सर, निदान त्या दिवशी तरी लोकांना वर बसवू नका!"

"मग तुमच्या सत्काराला आलेल्या माणसांना मी काय डोक्यावर बसवू?" संचालक खरोखर दुखावले होते.

घरी याहून बिकट परिस्थिती होती. वडिलांनी बाल्कनीतील पहिल्या रांगेतले तिकीट आधीच काढून ठेवले होते.

"बाबा, ती बाल्कनी पडणार आहे."

"ठाऊक आहे गं. त्याचाच तर सत्कार आहे ना?"

"मग खाली बसा."

"नाटक खालून बघणं म्हणजे समुद्र बादलीतून बघणं. आणि लेकीचा सत्कार का मी पुढच्याच्या टकलावर बघू?"

कळते पण वळत नाही, ही म्हण अडाण्यांसाठी आहे असा ताईंचा आजवर समज होता.

समारंभ थाटात झाला. ताईंना शाल मिळाली, काचेची एक पट्टी जडवलेले स्मृतिचिन्ह मिळाले, आणि दोन शब्द बोलण्याची विनंती झाली. त्यांनी माईक हातात घेतला.

"बाल्कनीतल्या मंडळींनी कृपया ताबडतोब खाली उतरावं. बाल्कनी पडणार आहे."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाल्कनीने तर पाय आपटून दाद दिली. तुळईतून पिठासारखी बारीक धूळ झरू लागली. पहिल्या रांगेत बाबा रुमालाने डोळे पुसत होते. आनंदाश्रू असतील किंवा धूळ.

ताईंना त्या क्षणी उमगले, की खरे बोलण्याची सोय येथे संपली आहे. आयुष्यात प्रथमच त्यांनी सार्वजनिक ठिकाणी थाप मारली.

"बाहेरच्या दालनात सर्वांसाठी चहा आणि गरम नाश्ता मांडलेला आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "मोजकाच आहे."

बाल्कनीखालच्या मागच्या रांगा दाराजवळच्या. त्या वाक्य पुरे होण्याआधीच पसार झाल्या. पाठोपाठ बाल्कनी जिन्यावरून लोटली. वर एकटे बाबा उरले. त्यांचा चहा डॉक्टरांनी बंद केला होता.

"बाबा," ताई माईकवरून म्हणाल्या, "खाली पुढे बसलेले एक गृहस्थ म्हणताहेत, कॅसांड्रा ही अपोलोची बायको होती."

"कोण? कोण म्हणतो?" बाबा काठी उगारून उठले. "थांब म्हणावं त्याला! हलू नकोस म्हणावं!"

ते रंगमंचापाशी पोहोचून त्या गृहस्थांना शोधत असतानाच बाल्कनी खाली आली. कोणालाही खरचटले नाही.

चौकशी समिती त्याच आठवड्यात बसली. बाल्कनीचा विषय चटकन आटोपला : तिचे पडणे सर्वांना आधीच पटलेले असल्याने त्यात चौकशी करण्याजोगे काही नव्हते. उरला विषय नाश्त्याचा. प्रेक्षकांच्या आलेल्या तक्रारींपैकी एकही बाल्कनीबद्दल नव्हती; सगळ्या चहाबद्दल होत्या. दोघांनी साखरेचे प्रमाणही कळवले होते.

"मॅडम," संचालक कळवळून म्हणाले, "तुमच्या खऱ्या बोलण्यावर आम्ही कधी अविश्वास दाखवला का? मग खोटं बोलायची वेळ तुमच्यावर का यावी?"

ताईंची नोकरी गेली. शाल आणि स्मृतिचिन्ह परत घेण्यात आले. त्या सायंकाळी चहा खरोखर ठेवायला हवा होता, असे सुचवणाऱ्या हिशेबनिसाला तो पुरस्कार मिळाला.

"कॅसांड्रा थोर होती," त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले. "फक्त तिला थाप मारता येत नव्हती, म्हणून ट्रॉय गेलं." मग मीठ पुढे ओढत म्हणाले, "तो माणूस सापडला का गं?"

वाचकहो, ही कथा आपणांस पटली असेलच. आपल्या डोक्यावरच्या पंख्याच्या कडीतून येणारा कुरकुर आवाजही आपणांस केव्हाच पटलेला आहे. घरच्यांनी सांगितले तेव्हा आपण मान डोलावली होती, आणि आत्ताही डोलावलीत. तेव्हा त्याविषयी अधिक काही बोलत नाही.

पलीकडच्या खोलीत चहा ठेवला आहे. मोजकाच आहे.