मासोळीचं माहेर आणि शहाण्णव टक्के

"बसा हेडाऊ सर, चहा घ्या. तुमचा पेपर चोरीचा निघालाय," कीर्ती मॅडम म्हणाल्या आणि कप पुढे सरकवला.

कीर्ती मॅडम म्हणजे पवनीच्या कॉलेजातल्या संशोधन समितीच्या अध्यक्ष. बोलणं गोड, निकाल कडू. भुपेंद्र हेडाऊ तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायचा. तलावांच्या काठच्या वनस्पतींवर त्याने जीव ओतून काम केलं होतं. पण नागपूरच्या संशोधन त्रैमासिकाने त्याचा पेपर दोनदा 'भाषा दुर्बोध' म्हणून परत पाठवला होता. आता तलावांवरच विशेषांक निघत होता. अशी संधी पुन्हा येणार नव्हती. पण समितीने तपासून शिक्का मारल्याशिवाय पेपर पुढे जात नसे.

"चोरीचा? मॅडम, त्या पेपरापायी तलावात उभं राहून पायाला जळवा लावून घेतल्या आहेत मी!"

"जळवा तुमच्या असतील सर. वाक्यं तुमची नाहीत. सॉफ्टवेअर म्हणतं, साठ टक्के मजकूर आधीच प्रसिद्ध झालाय." मॅडमनी चष्मा नाकावर चढवून वाचलं, "'श्री हनुमान हरिकीर्तन मंडळ, आसगाव.'"

भुपेंद्रने कप खाली ठेवला. त्या मंडळाचे कीर्तनकार भैयाजी महाराज हे त्याचे सख्खे सासरे होते.

झालं होतं असं. दुसऱ्यांदा पेपर परत आला तेव्हा भुपेंद्र तोंड पाडून आसगावला गेला होता. मंदिराच्या ओट्यावर त्याने सासऱ्यांना पहिलं वाक्य वाचून दाखवलं, "सदर जलाशयाच्या काठीय क्षेत्रातील जलवनस्पतींच्या ऱ्हासाचा मत्स्यबीजाच्या उपलब्धतेवर होणारा परिणाम..."

"जवाईबापू," भैयाजींनी हात जोडले, "हे तुमी कोनाले सांगून राहिले?"

"तज्ज्ञांना, मामाजी."

"मंग तज्ज्ञ झोपले असतीन. आता मले सांगा, म्हनाचं का आहे?"

"म्हणजे, काठावर आपोआप उगवणारं देवधान, गवत, सगळं खरडून काढलं, तर मासोळीने अंडी घालायची कुठे?"

"असं बोला ना बाप्पा! लेक बाळंतपनाले माहेरी येते. तलावाचा काठ म्हंजे मासोळीचं माहेर. माहेरच खरडून टाकलं त लेक येईन कुठं?"

भुपेंद्रने पेन काढलं. त्याच ओट्यावर बसून त्याने अख्खा पेपर नव्याने लिहिला. एकेक निरीक्षण तो सांगे, भैयाजी ते उलगडून परत सांगत, आणि तो उतरवून घेई. पेपर असा उतरला की वाचताना ओठ हलावेत.

पण कीर्तनकाराला चांगला दृष्टान्त सुचला आणि तो त्याच्या पोटात राहिला, असं कधी झालंय का? पुढच्याच एकादशीला भैयाजींनी मासोळीचं माहेर उभं केलं. बायाबापड्यांनी डोळ्यांना पदर लावले. आणि मंडळाचे सचिव जागेश्वर यांनी ते सगळं मोबाइलने टिपून, शब्दन् शब्द लिहून काढून मंडळाच्या वेबसाइटवर टाकलं. भुपेंद्रचा पेपर समितीकडे गेला तो त्यानंतर आठवड्याने.

हे ऐकून कीर्ती मॅडम म्हणाल्या, "असेलही. पण मला खुलासा हवा, आणि तोही जिथे मजकूर आहे तिथेच, जाहीर. मग मी पुन्हा तपासते."

भुपेंद्रने आसगावला फोन लावला. भैयाजी कळवळले. "माह्या तोंडानं जवायाच्या इज्जतीले डाग? तुमी काळजीच नोका करू. आजच्या कीर्तनातच खुलासा करतो!"

आणि केला. मृदंग थांबवून त्यांनी सांगितलं, की हे ज्ञान आपल्या जावयाचं आहे, आणि खोटं वाटत असेल तर ऐका. मग लेकीकडून मागवलेली प्रत काढून त्यांनी सारांशापासून संदर्भसूचीपर्यंत अख्खा पेपर वाचला. मृदंगवाल्याला राहवेना, कोष्टक क्रमांक दोनला त्याने ठेका धरला. लोक डोलले. जागेश्वरनी एक अक्षरही न गाळता वेबसाइटवर चढवलं.

मॅडमनी पुन्हा तपासलं. शहाण्णव टक्के.

"आधी चोरी होती सर," त्या म्हणाल्या, "आता दरोडा आहे."

भुपेंद्रने घरी येऊन डोकं धरलं. त्याची बायको रंजिता तांदूळ निवडत होती. "बाबांनी वाचला म्हनून गावाले कळला तरी," ती म्हणाली. "तुमच्या कालेजात कोनं वाचला का आजपावेतो?"

"अगं, माझं नाव चोर म्हणून लागेल!"

"मंग जागेश्वरभाऊले सांगा ना काढाले."

बायकोचं ऐकावं, हे खरं. पण दरवेळी नव्हे. जागेश्वरनी मजकूर तत्परतेने काढला. सॉफ्टवेअर मात्र एकदा पाहिलेलं विसरत नाही. अहवालात शहाण्णव टक्के तसेच राहिले, आणि मूळ पान उघडायला गेलं तर कोरं. मॅडमचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "पुरावाही नष्ट केलात?"

शेवटी भैयाजीच एसटीत बसून कॉलेजात आले. कपाळाला बुक्का, गळ्यात उपरणं. मॅडमना नमस्कार करून म्हणाले, "बाई, तुमच्या यंत्रात माह्यं मागच्या सालचं कीर्तन घाला पाहू."

मॅडमनी कुतूहलाने घातलं. एका पोथीच्या वेबसाइटवरून, एका अभंगसंग्रहातून, भराभर लाल रेषा उमटत गेल्या. नव्वदच्या वर आकडा गेला.

"पाहा," भैयाजी समाधानाने म्हणाले, "कसं शुद्ध आहे! आमच्यात सोताच्या पदरचं घातलं का लोक उठून जातात. तुमच्यात दुसऱ्याचं घातलं का पकडतात."

मॅडमना हसू आवरेना. "मग महाराज, तुमच्यात चोरी कशाला म्हणतात?"

"ज्याचं घेतलं त्याचं नाव न घेनं. अभंगाच्या शेवटी संताचं नाव येते. थे गिळलं त चोरी. पयल्या कीर्तनात म्या जवायाचं नाव गिळलं. चोर मी."

भुपेंद्र तोवर मान खाली घालून बसला होता. सुटका दारात उभी होती. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पण सासऱ्यांचं ते निर्मळ तोंड पाहून त्याला गप्प राहवेना.

"मॅडम, तसं नाही. मोजमापं माझी आहेत. पण माहेर यांचं आहे. वाक्यांची घडण यांची आहे. पेपरात यांचं नाव कुठेच नाही. मीही गिळलंच."

मॅडमनी पेपर उचलून त्याच्यापुढे ठेवला.

"मग घ्या की नाव," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "एवढंच तर मी मागत होते."

संदर्भसूचीत पहिल्या क्रमांकावर नोंद आली: भैयाजी महाराज, कीर्तन, हनुमान मंदिर, आसगाव. सोबत दोघांचा सहीचा खुलासा आणि मॅडमचा शिक्का. जागेश्वरनी काढलेलं पानही परत लावलं.

महिन्याभराने त्रैमासिकाचं उत्तर आलं. पेपर स्वीकारला होता. एक शब्दही बदलायचा नव्हता. खाली संपादकांनी लिहिलं होतं: 'संदर्भ क्रमांक एक प्रत्यक्ष ऐकण्याची इच्छा आहे. पुढचं कीर्तन कधी?'

आले की हो ते! आसगावच्या मंदिरात सतरंजीवर पहिल्या रांगेत संपादक, शेजारी कीर्ती मॅडम. भैयाजींनी मात्र नाव गिळण्याचा धसकाच घेतला होता. "सज्जनहो, हा शब्द जवायाचा. हा पुढचा माह्या गुरूचा. आता जे म्हनतो, थे अर्धं माह्यं, अर्धं जवायाचं..."

बायकांतून केशरबाई उठल्या. गावच्या मासेमारी संस्थेच्या त्या अध्यक्ष. "महाराज, ओळ कोनाची थे मागून पाहू! आमच्या तलावाचा काठ खरडाले मशीन येऊन राहिली सोमवारी. येऊ देवाची का वापस पाठवाची, थे सांगा!"

भैयाजींनी वीणा छातीशी धरली आणि बाजूला झाले. "हे मले सांगता नाई येत, बाई. जवाईबापू, या समोर."

भुपेंद्र उठला. समोर गाव होतं, तज्ज्ञ होते, बायको होती.

"केशरकाकू, मशीन परत पाठवा," तो म्हणाला. "वरच्या अंगाचं, उथळ पाण्यातलं गवत आणि देवधान तसंच राहू द्या. मासोळी तिथेच वाढते. पावसाळा झाला की मी मोजायला येतो, तुम्हीही चला सोबत."

केशरबाईंनी विचार केला. "येतो मोजाले. पन पेपरात माह्यं नाव पाह्यजे."

अख्खं देऊळ हसलं. पहिल्या रांगेतून संपादकांनी हात वर केला.

"संदर्भ क्रमांक दोन!"

मृदंगवाल्याने थाप मारली, आणि कीर्ती मॅडमनी शेजारणीच्या हातातले टाळ मागून घेतले.