टक्केसाहेबांचे चार रंगी ॲप्रन

"कोण कुठल्या क्षणी कुणाचं काम करतंय, हे आता मला नुसतं दारातून डोकावून कळणार," टक्केसाहेबांनी जेवताना जाहीर केलं. "अशी युक्ती आजवर कुणालाही सुचली नसेल."

"सुचली असेल हो," बायको म्हणाली. "पण त्यांना घरातल्या कुणीतरी वेळीच थांबवलं असेल."

टक्केसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता त्यांच्या पगाराच्या कागदावर तेवढं उरलं होतं. मातीतल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्या एका संशोधन संस्थेत ते नोकरीला होते. मुंगी आणि वाळवी यांतला फरक त्यांना विचारला असता तर त्यांनी विषय बदलला असता. त्यांचं काम वेगळंच होतं. संशोधनाला पैसा बाहेरच्या मंडळींकडून यायचा, आणि आपण ज्याचा पगार देतो तो शास्त्रज्ञ आपलंच काम करतो ना, ही चिंता त्या मंडळींना असायची. ती दूर करणं म्हणजे टक्केसाहेबांची नोकरी.

त्यातून मुंग्यांच्या प्रकल्पाला पैसा देणारे भलतेच चिकट. "आम्ही पैसा देतो, तुम्हीही काही घाला," असं त्यांनी ठणकावलं होतं. संस्थेजवळ घालण्यासारखं दुसरं काय असणार? मुंगीबाईंचा एक तृतीयांश वेळ आमच्याकडून फुकट, असं संस्थेनं कबूल केलं. "पैसा त्यांचा, वेळ आमचा. यालाच वाटा उचलणं म्हणतात," हे टक्केसाहेबांनी बायकोला इतक्या वेळा समजावलं होतं की तिला ते झोपेतही म्हणता आलं असतं.

मुंगीबाई म्हणजे संस्थेतल्या सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ. उभं आयुष्य मुंग्यांमागे वाकून काढलेलं, त्यामुळे माणसांशी बोलतानाही त्या जरा वाकूनच बोलत. शिवाय गांडुळांच्या आणि बुरशीच्या प्रकल्पातही त्यांचा हात होता. महिनाअखेरीस कुठल्या कामाला किती टक्के वेळ गेला, असं टक्केसाहेबांनी विचारलं की त्या सांगत, "मुंग्या साठ टक्के, गांडुळं पन्नास, बुरशी चाळीस."

"बाई, दीडशे होतात हो."

"मग पगारही दीडपट द्या. मी कुठे नको म्हणतेय?"

आणि आता पैसे देणाऱ्यांकडून तपासनीस येणार होत्या. संचालकांनी टक्केसाहेबांना बोलावून सांगितलं, "तपासणी नीट पार पडली तर तुमची रजा मंजूर. नाहीतर समुद्र पुढच्या वर्षी बघा."

हा समुद्र दरवर्षी पुढच्या वर्षी ढकलला जात होता. बायकोनं यंदा तिकिटंही काढली होती आणि किनाऱ्यावर घालायला एक पांढराशुभ्र ड्रेसही घेतला होता. यंदा समुद्र हुकला तर घरातच वादळ येणार, हे सांगायला कुठल्या शास्त्रज्ञाची गरज नव्हती. म्हणून ही युक्ती. मुंग्यांच्या कामाला लाल ॲप्रन, गांडुळांना निळा, बुरशीला हिरवा, आणि संस्थेनं फुकट दिलेल्या वेळेला पांढरा. मनात ज्याचं काम, अंगावर त्याचा रंग! कुणी ॲप्रन पळवू नये म्हणून कपाटाची किल्ली टक्केसाहेबांच्याच खिशात.

पहिल्याच दिवशी मुंगीबाईंनी त्यांना हाक मारली. "या इकडे. मुंग्या गांडूळ ओढून नेतायत. मी लाल घालू की निळा?"

टक्केसाहेबांनी गंभीरपणे वाकून पाहिलं. "जो जीव जास्त हलतोय, त्याचा घाला."

"गांडूळ मेलंय."

"मग लाल. प्रश्नच मिटला."

"आणि आंघोळ करताना एखादी कल्पना सुचली तर काय घालू?"

आठवड्याभरात शास्त्रज्ञ कांद्यासारखे दिसू लागले. एकावर एक चारही ॲप्रन चढवायचे आणि विचार बदलला की वरचा काढायचा. गांडूळवाले सर अंगानं जरा भरलेले, ते तिसऱ्या ॲप्रनमध्ये असे अडकले की दोघांनी धरून त्यांना बाहेर काढलं. टक्केसाहेब मात्र दारातून डोकावत, कुणाच्या अंगावर कुठला रंग याच्या वहीत खुशीत खुणा करत होते आणि दिसेल त्याला बजावत होते, "काही करा, पण रंगांची सरमिसळ करू नका."

तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की सगळे ॲप्रन मातीनं बरबटलेत. त्यांनी गठ्ठा बांधून घरी आणला. बायको बहिणीकडे गेली होती. पांढरे कपडे वेगळे धुवायचे, हे तिनं त्यांना लग्नापासून ऐकवलं होतं. पण चार रंग म्हणजे चार वेळा मशीन लावणं आलं. केवढा वेळ फुकट! वेळेचा असा अपव्यय टक्केसाहेबांना बघवेना. त्यांनी सगळे रंग एकदम आत कोंबले. तरी वर जागा उरली, म्हणून टोपलीतले घरचे कपडेही ओतले आणि स्वतःवर खूश होऊन ते पेपर वाचत बसले.

झाकण उघडलं तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लाल नव्हता, निळा नव्हता, हिरवा नव्हता, पांढरा तर नव्हताच. सगळ्यांचा मिळून एकच वांगी रंग झाला होता. दुसरे ॲप्रन आणायला आता सवड नव्हती. त्यांनी ओले ॲप्रन तेवढे उपसले, इस्त्री फिरवून सुकवले आणि बाकीच्या कपड्यांवर न बघताच झाकण लावून टाकलं.

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाई प्रयोगशाळेत शिरल्या आणि दारातच थबकल्या. समोर सगळी संस्था वांग्याच्या मळ्यासारखी उभी होती.

"हा कुठल्या प्रकल्पाचा रंग?" त्यांनी विचारलं.

टक्केसाहेबांनी संचालकांकडे पाहिलं. संचालकांनी छताकडे बघायला सुरुवात केली.

"बरं, ते राहू द्या," तपासनीस बाई मुंगीबाईंकडे वळल्या. "संस्थेनं तुमचा जो वेळ द्यायचा कबूल केला होता, तो दिला का?"

"दिला की. आमच्या मुंग्या उजाडताना बिळाबाहेर पडतात. रोज तेव्हा येऊन बसते मी, कामाची वेळ सुरू व्हायच्या कितीतरी आधी. तो वेळ तुमच्या पैशात धरलेला नाही. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारा, शिव्या घालतच उठतो बिचारा."

पहारेकऱ्याला बोलावलं. त्यानं मान डोलावली. "थंडीतसुद्धा येतात हो," तो कळवळून म्हणाला.

तपासनीस बाईंनी टक्केसाहेबांची खुणांची वही चाळली. "पण त्या वेळी अंगात ॲप्रन असल्याची इथे एकही खूण नाही."

"कशी असेल?" मुंगीबाईंनी टक्केसाहेबांकडे बोट दाखवलं. "ॲप्रनचं कपाट हे आल्याशिवाय उघडत नाही. आणि हे येतात उन्हं डोक्यावर आल्यावर."

प्रयोगशाळेत कुणीतरी खोकलं. तपासनीस बाईंनी ओठ दाबून हसू आवरलं. वाटा पुरेपूर मिळालाय, उलट जास्तच मिळालाय, असं त्यांनी संचालकांना सांगितलं. फक्त ॲप्रन बदलण्यात गेलेला वेळ कुठल्याही प्रकल्पात धरू नका, एवढी सूचना करून त्या गेल्या.

"रजा मंजूर," संचालक टक्केसाहेबांना म्हणाले. "उद्यापासूनच जा. आणि येताना कसलीही युक्ती घेऊन येऊ नका."

हात दाखवून अवलक्षण झालं खरं, पण समुद्र तर मिळाला! टक्केसाहेब शीळ घालत घरी आले. "ऐकलंस का? रजा शंभर टक्के मंजूर!"

बायको मशीनपाशी उभी होती. तिच्या हातात तो ड्रेस होता. किनाऱ्यावर घालायचा, पांढराशुभ्र, आता वांगी. शीळ आपोआप बंद पडली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं ड्रेस शांतपणे झटकला आणि दोरीवर टाकला.

"छानच झालं रजेचं," ती म्हणाली. "मी ताईला आत्ताच फोन केला. तुमचं तिकीट तिच्या नावावर होतंय का बघते. ती येतेय माझ्याबरोबर."

"आणि मी?"

"तुमचा वाटा आहे की. पैसा तुमचा, वेळ आमचा. तुम्हीच तर शिकवलंत."

मंजूर झालेली रजा परत करायला टक्केसाहेब संचालकांकडे जाऊनही आले, पण ते काही केल्या परत घेईनात. मग टक्केसाहेबांनी ती घरीच काढली, धुणं रंगांप्रमाणे वेगळं करत.