शेवटचा बाण

हरी भोईरांनी मला फसवलं. भर दुपारी, माझ्याच दुकानात, आणि तेही शेजारच्या मोबाईलवाल्या विकीसमोर.

शहाड स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. फुटपाथवर सिमकार्डं विकून उभं केलंय. फुकट काही देत नाही, घेत नाही. सत्तरीच्या भोईरकाकांशीही सौदाच होता: मी जेवेपर्यंत त्यांनी दुकान सांभाळायचं, बदल्यात कोपऱ्यातला कॉम्प्युटर त्यांचा. त्यावर ते एकच खेळ खेळायचे. ब्राउझरमध्ये फुकट उघडतो. गाणं सुरू होतं, वरून बाण घसरत येतात, आणि बाण खालच्या रेघेवर टेकला की त्याच क्षणी कीबोर्डचं बरोबर बटण दाबायचं. चारच बटणं.

मी चांगला मऊ कीबोर्ड दिला, तर म्हणाले, "ही बटनां मेलेली हायेत र. आवाज करनारी दे." माळ्यावरचा जुना खडखड्या काढावा लागला.

बटणं डाव्या हाताखाली. उजव्या हातात प्लास्टिकच्या बाटलीचा कापलेला तुकडा, तो टेबलाच्या कडेवर तालात घासायचा. माझा सनमायका तिथे पांढरा पडलाय. भांडायला गेलो तेव्हा कळलं, काकांनी चाळीस वर्षं लग्नांच्या हळदीत बेंजो वाजवलाय. बेंजोलाही डावीकडे टाइपरायटरसारखी बटणं आणि उजव्या हाताला असल्याच तुकड्याने छेडायच्या तारा.

मग मी नीट पाहिलं, आणि घास हातातच राहिला. सर्वांत अवघड पातळी. मुंग्यांची रांग फुटावी तसे बाण उतरत होते, आणि काका पडद्याकडे बघतच नव्हते! "आधारची झेरॉक्स? बस गं पोरी," म्हणत होते, बोटं चालूच. एक बाण चुकेल तर शपथ. असलं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. रोज बघायचो. फक्त गाणं संपता संपता ताट धुवायला उठायचो.

तिथेच मी फसलो. माल शेवटपर्यंत न तपासता सौदा केला.

विकी म्हणाला, "शेठ, म्हातारा एक पण बाण न सोडता गाणं पुरं करेल? लावता?"

लावली पैज. दुकानासमोरची स्कूटरची जागा. तिच्यासाठी आम्ही तीन वर्षं भांडतोय.

काका बसले. विकीचं तोंड उघडं ते उघडंच. गाणं संपत आलं, एकच बाण उरला, आणि काकांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले. बाण रेघ ओलांडून गेला. पडद्यावर आलं: एक चुकला.

"काका! हात का उचलला?" मी ओरडलो.

"ती माजी नाय र. शेवटची थाप जनूची."

जनू म्हात्रे, त्यांचा ढोलकीवाला. प्रत्येक हळदीत बेंजो थांबायचा आणि जनूची एक थाप पडायची, की गाणं संपलं. मग डीजे आले, बेंजो पार्टी मोडली, दोघांचं वाजलं. कशावरून, ते काका सांगत नाहीत. जनू माजिवड्याला राहायला गेला. अकरा वर्षं बोलणं नाही.

"तो नाहीये ना इथे! मग तुम्हीच दाबा की!"

काकांनी प्लास्टिकचा तुकडा खिशात ठेवला. "आनि तो आला तर?"

माझ्या जागेवर आता विकीची स्कूटर असते. कॉम्प्युटरसमोर मात्र मी दुसरी खुर्ची मांडून ठेवलीय.

माजिवड्याचे ढोलकीवाले जनार्दन म्हात्रे, माझी जागा तुमच्यामुळे गेली. दुपारी एक ते दोन दुकान उघडं असतं. समोर या आणि जाब द्या.