ओलीला न दिसलेला जंतू

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी मायक्रोस्कोपला डोळा लावलाय का? नसेल लावला तर एक सांगते. त्यात डोळा लावला की दुसरा मिटायचा नसतो. पण सगळे मिटतात.

तर एका जंगलात एक विद्यापीठ होतं. जंगलात विद्यापीठ कशाला, असं विचारू नका. होतं.

तिथे सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग होता. शिंगाडे सर त्याचे प्रमुख. ते गवा होते. अंगानं डोंगराएवढे, स्वभावानं गाईसारखे. तरुणपणी त्यांनी एक जंतू शोधून काढला होता. काळा, लांबट, टोकाला वाकलेला. त्याचं नाव शिंगाडेवक्र. पुस्तकात त्याच्यावर अख्खा धडा होता. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत प्रत्येकानं तो मायक्रोस्कोपखाली दाखवायचा, अशी तिथली रीत होती.

हरणांना तो दिसायचा. माकडांना दिसायचा. सशांना तर दोन-दोन दिसायचे.

एका ओलीला तेवढा दिसत नव्हता. ओली बेडकी होती. कदाचित पक्ष्यांनाही दिसला नसता, पण पक्ष्यांचा सगळा ओढा कॉमर्सकडे.

ओली आली होती लांबच्या तळ्यावरून. तिच्या तळ्यात दर वर्षी पिल्लांच्या अंगावर पांढरा कापूस धरायचा आणि पिल्लं मरायची. तळ्यातल्या सगळ्यांनी ठरवलं, आपल्यातल्या एकीनं शिकायचं आणि कारण शोधायचं. पण विभागाचा नियम होता. बाहेरचं पाणी मायक्रोस्कोपखाली ठेवायचं, तर आधी पास व्हायला हवं. ओली दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की नाव काढून टाकत.

"अगं, रंग नीट दे," शेजारची हरणी म्हणायची.

"दिला गं. गोल जंतू दिसतात, काड्यांसारखे दिसतात. हाच दिसत नाही."

"मग पुस्तकातला काढ आणि मोकळी हो!"

"न दिसलेला कसा काढू?"

ओली जरा तशीच होती.

विभागातल्या काचा साळूमावशी धुवायची. ती साळिंदर. बोलणंही तसंच, टोचणारं. एकदा तिनं ओलीला हाक मारली.

"ए पोरी, रडतेस काय? पंचवीस वर्षं मी या काचा घासते. सगळ्या जंतूंचे डाग निघता निघत नाहीत. या मेल्याचा डाग एकदासुद्धा पडला नाही."

"म्हणजे तो काचेवर नसतोच?"

"मी काय सांगू बाई! शिकलेली तू."

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरच्या परीक्षक म्हणून धामणेबाई आल्या होत्या. त्या धामण. परीक्षकांसमोर सगळ्यांचीच छाती धडधडते, ओलीची जरा जास्तच धडधडली.

ओलीनं स्लाइड केली. रंग दिला. पाहिलं. गोल होते, काड्या होत्या. तो नव्हता.

"नाही दिसत, सर."

शिंगाडे सर वाकले. त्यांनी डोळा लावला. "हा काय! चांगला ढळढळीत आहे. हलतोयसुद्धा. जिवंत आहे."

ओलीनं हळूच स्लाइड काढून घेतली.

"अजून दिसतोय, सर?"

"दिसणारच. जाईल कुठे?"

"सर, स्लाइड माझ्या हातात आहे."

ओलीनं बाजूनं वाकून पाहिलं. सरांच्या पापणीचे लांब, काळे, वाकडे केस मायक्रोस्कोपच्या डोळा लावायच्या काचेला टेकले होते. सरांनी डोळा मिचकावला. केस हलले.

"सर, हा तुमच्या पापणीचा केस आहे. मला पापणीला केस नाहीत, म्हणून मला दिसला नाही."

शिंगाडे सर खाली बसले. स्टूल मोडलं.

"एकतीस वर्षं," ते जमिनीवरूनच म्हणाले. "नातवाचं नाव वक्रराज ठेवलंय गं मी."

"मलाही कधी दिसला नव्हता," धामणेबाई हळूच म्हणाल्या. "आम्हाला पापणीच नसते. मी शेजारच्या सांबराच्या जर्नलमधून उतरवला होता."

"मग परीक्षक म्हणून इतकी वर्षं तुम्ही काय पाहत होतात?" सरांनी विचारलं.

"तुमचा चेहरा. तुम्ही मान डोलावली की मी गुण द्यायची."

सर मोडक्या स्टुलाशेजारून उठले. मग म्हणाले, "पोरी, तुझं बरोबर आहे. धडा काढायला हवा. काढू. पण त्याला समिती लागते. समितीला पाच वर्षं लागतात. परीक्षा आज आहे. आणि इथे छापलंय, 'शिंगाडेवक्र दाखवा, गुण वीस.' मी तरी काय करू?"

ओलीला तळ्यातली पिल्लं आठवली. पाच वर्षं म्हणजे पिल्लांच्या पाच पिढ्या.

"सर, एक केस द्याल?"

सरांनी डोळे घट्ट मिटून एक केस उपटून दिला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. उपटल्यामुळे आलं असेल.

ओलीनं तो काचेवर ठेवला. वर पाण्याचा थेंब, वर पातळ काच. डोळा लावला.

"दिसला!" ती ओरडली. "काळा, लांबट, टोकाला वाकलेला! अगदी पुस्तकातल्यासारखा!"

तिनं त्याचं सुंदर चित्र काढलं. खाली लिहिलं, 'सापडल्याचे ठिकाण: शिंगाडे सरांचा उजवा डोळा.'

धामणेबाईंनी ते दोनदा वाचलं. "ठिकाण आजवर कुणीच लिहिलं नव्हतं," त्या म्हणाल्या, आणि वीसपैकी वीस देऊन तिथेच पास असा शेरा मारला. शिंगाडे सरांनी मान डोलावली. सवयीनं.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी आपल्या डोळ्यांनी पाहावं. परीक्षेच्या दिवशी मात्र सरांच्या.

हो, पिल्लांचं सांगायचं राहिलंच. दुसऱ्या दिवशी सकाळी ओलीनं तळ्यावरून आणून ठेवलेल्या पाण्याचा पहिला थेंब मायक्रोस्कोपखाली ठेवला.