शाबास म्हणणारी पेटी

त्या दिवशी सकाळीही मुलीने मोबाइल बाबांच्या हवाली केला. एमएची परीक्षा तोंडावर आली होती आणि पुस्तक उघडलं की हात आपोआप मोबाइलकडे जायचा. म्हणून कुलपांचं दुकान चालवणाऱ्या बाबांनी तिला एक लोखंडी पेटी करून दिली होती. धडा संपला की पेटी उघडायची, हे तिने स्वतःला द्यायचं बक्षीस. बाबांची अट एकच: वाचलेलं आधी त्यांना सांगायचं.

"तुम्हाला नाही कळायचं, बाबा. उघडा ना."

"बरं बाई," म्हणत ते चावी फिरवायचे.

त्या दुपारी बाबा दुकानात बसल्या जागीच गेले.

दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं. सगळे माना खाली घालून बसलेले असताना पेटीतून आवाज आला, "शाबास! तुम्ही करून दाखवलंत!" अभ्यासाचे तास मोजणारं ॲप बंद करायचं कुणाला सुचणार? आत्याने पेटीवर उशी ठेवली. तासाभराने उशीखालून, जरा दबक्या सुरात, पुन्हा शाबासकी आली. काकांनी बाबांचा चाव्यांचा जुडगा घेतला. एकही चावी लागेना, एक तर आतच मोडली. मामांचा स्क्रू ड्रायव्हर कुलपाच्या भोकात वाकला. भेटायला आलेल्या प्राध्यापिकाबाई तिचा हात धरून म्हणाल्या, की काय बोलावं तेच सुचत नाही. पेटीला सुचलं.

शेवटी पलीकडच्या गल्लीतल्या कुलूपवाल्याला बोलावलं. बाबांचं आणि त्याचं कधी पटलं नव्हतं. त्याने पेटी मांडीवर घेतली, बराच वेळ न्याहाळली आणि विचारलं, "झाकण उचलून बघितलंत का?"

कुणीच बघितलं नव्हतं. महिनाभरात तिनेही नाही.

त्याने बोटाने झाकण वर केलं. "याची खरी चावीही नुसती फिरायची, आत धरत काहीच नाही. असलं कच्चं काम तुझे बाबा करणारे नव्हते, पोरी. मुद्दाम केलंय."

माणसं पांगली. तिने ॲप बंद केलं, आणि मग घर फारच गप्प झालं. मोबाइल परत पेटीत ठेवून तिने झाकण लावलं, पेटी बाबांच्या खुर्चीवर ठेवली आणि समोर जमिनीवर बसली.

"काल अर्धाच धडा झाला, बाबा," ती म्हणाली. "तेवढा सांगते. नाही कळलं तर मध्येच थांबवा मला."